नदीतील नत्र-स्फुरद आणि घरबांधणीची परवानगी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमधील काही नद्यांच्या खोऱ्यांत २०१९ पासून नव्या घरांची परवानगी त्या घरांच्या सांडपाण्यातून संरक्षित जलक्षेत्रात जाणाऱ्या नत्र व स्फुरद या पोषकद्रव्यांवरही अवलंबून राहू लागली. नव्या बांधकामामुळे पाण्यातील पोषकद्रव्यांचा भार वाढता कामा नये, या तत्त्वाला ‘पोषकद्रव्य तटस्थता’ म्हणतात. त्याविषयी पुढील गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज १ : पोषकद्रव्ये पाण्याला हितकारकच असतात.
वस्तुस्थिती : ती प्रमाणाबाहेर गेली की शैवाल माजते, सूर्यप्रकाश अडतो आणि शैवाल कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो. गोड्या पाण्यात हे संकट बहुधा स्फुरदामुळे, तर किनारी पाण्यात नत्रामुळे ओढवते. सोलंट सामुद्रधुनीच्या चिखलपट्ट्यांवर पसरणाऱ्या शैवालाच्या थरांखाली पाणपक्ष्यांचे खाद्य असलेले लहान जीव गुदमरतात.

गैरसमज २ : ही सरसकट बांधकामबंदी आहे.
वस्तुस्थिती : संरक्षित अधिवासाला बाधा पोहोचणार नाही याची खात्री पटल्यावरच परवानगी द्यावी, असे २०१७ ची अधिवास नियमावली सांगते. नेदरलँड्समधील नत्रप्रदूषणाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, आधीच बिघडलेल्या अधिवासात आणखी भर घालण्यास फारच थोडा वाव उरतो. त्यानंतर ‘नॅचरल इंग्लंड’ या शासकीय सल्लागार संस्थेने दिलेला सल्ला २०२२ पर्यंत २७ पाणलोट क्षेत्रांतील ७४ नियोजन प्राधिकरणांना लागू झाला. परवानगीचा निर्णय मात्र प्राधिकरणाचाच असतो आणि वाढीव भाराची भरपाई केल्यास ती मिळू शकते. हेरफर्डशायरमध्ये लस्टन येथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रालगत पाणथळ जागा निर्माण करून स्फुरद रोखण्याची सोय याचसाठी करण्यात आली.

गैरसमज ३ : एका घराने काही फरक पडत नाही.
वस्तुस्थिती : घरात सरासरी २.४ माणसे आणि माणशी दररोज १२० लिटर पाणी धरले, तर वर्षाला सुमारे १ लाख ५ हजार लिटर सांडपाणी होते. शुद्धीकरणानंतरही त्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम स्फुरद उरत असल्यास एका घराचे सुमारे १०५ ग्रॅम, तर हजार घरांचे १०५ किलो स्फुरद दरवर्षी नदीत जाते. या आकड्यातून जमिनीच्या पूर्वीच्या वापरामुळे होणारा भार वजा करून, नव्या वापराचा मिळवून आणि वर २० टक्के सुरक्षितता-वाढ धरून अंतिम हिशेब केला जातो.

गैरसमज ४ : नवी घरे अडवली की नदी सुधारेल.
वस्तुस्थिती : तटस्थतेमुळे केवळ नवी भर थांबते, साचलेले प्रदूषण घटत नाही. वाय नदीच्या खोऱ्यात कोंबड्यांच्या विष्ठेसह शेतीतून येणाऱ्या स्फुरदाचा वाटा मोठा आहे, शिवाय जुन्या शुद्धीकरण केंद्रांचा भारही आहेच. म्हणूनच २०२३ च्या कायद्याने निर्देशित क्षेत्रांतील मोठ्या केंद्रांना १ एप्रिल २०३० पर्यंत सोडलेल्या पाण्यातील स्फुरद लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम किंवा नत्र १० मिलिग्रॅम या मर्यादेत आणण्याचे बंधन घातले. स्फुरदाची ही मर्यादा पाळली गेल्यास वरील घराचा वाटा सुमारे २६ ग्रॅमवर येतो.

नव्या घराला परवानगी मागावी लागते म्हणून हिशेबही त्याच्याकडेच मागितला जातो, तर वर्षानुवर्षे वाहत आलेला जुना भार त्या हिशेबाबाहेर राहतो. नियम सैल करून नदीवर आणखी ओझे टाकण्यापेक्षा शेती आणि शुद्धीकरण केंद्रे यांच्याकडील मूळ भार घटवणे हाच न्याय्य मार्ग ठरतो, कारण तो घटला तरच त्याच नदीकाठी नव्या वस्तीसाठी खरा वाव निर्माण होईल.