ठाण्याला पाठवा, कल्याणला लावा

जुना चित्रपट घरात चालू असला की एक गोष्ट हमखास घडते. एखाद्या वाक्याला वडीलधारी मंडळी खो खो हसतात आणि आपण त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो. वाक्य मराठीच असते, शब्दही ओळखीचे असतात; पण त्या शब्दांमागे जे उभे होते ते मधल्या काळात नाहीसे झालेले असते. अशा काही जागांचा उलगडा करावा म्हणून हा लेखनप्रपंच. त्यांतल्या काही तर थेट आपल्या गावांच्या नावांशी येऊन भिडतात.

आधी सोप्या गोष्टी. पडद्यावर तारवाला दारात उभा राहतो आणि तार वाचण्यापूर्वीच घरातली बाई डोळ्यांना पदर लावते. तारेला शब्दांच्या हिशेबाने पैसे पडत. साध्या घरात ती यायची ती बहुधा कुणाच्या जिवावर बेतल्यावरच. ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दुसरे कोडे सोन्याचे. 'दीवार'मध्ये (१९७५) सोन्यासाठी एवढी मारामारी चाललेली पाहून माझ्या धाकट्या भावाने विचारले, "सोन्याची बिस्किटे तर सराफाकडे मिळतात, मग ती चोरून कशाला आणायची?" प्रश्न रास्त आहे. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला दागिने बाळगता येत, लगडी किंवा बिस्किटे नाहीत. हा कायदा १९९० साली रद्द झाला आणि हिंदी चित्रपटातल्या तस्कराचा धंदाच बसला.

आता कल्याण. जुन्या चित्रपटातला एखादा इसम कानाला पेन्सिल लावून 'कल्याण'चा आकडा विचारतो, तेव्हा आपल्याकडच्या पोरांना वाटते की हा जुगार दुर्गाडी किल्ल्याच्या आसपास कुठेतरी चालत असणार. कल्याण शहराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. कल्याणजी भगत नावाच्या गृहस्थाने १९६२ च्या सुमारास वरळीत हा मटका सुरू केला आणि त्याचेच नाव त्याला चिकटले. मुळात हा सट्टा न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर चाले. बाजार उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईत येत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. ते भाव यायचे थांबले तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्त्यांची पाने काढून आकडे ठरू लागले. मडके म्हणून मटका! गिरणगावातल्या कामगारांत त्याचे वेड पसरले. पुढे रतन खत्रीचे नाव गाजले. 'धर्मात्मा'तली (१९७५) प्रेमनाथची भूमिका त्याच्यावरूनच बेतली असे मानतात. एवढ्या सगळ्यात बिचारे आपले शहर फुकट बदनाम झाले.

डोंबिवलीच्या वाट्याला मात्र सन्मानाचा संदर्भ आला. निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' (२००५) आम्हांला कुणी समजावून सांगावा लागत नाही. विदर्भातल्या प्रेक्षकाला मात्र 'फास्ट' म्हणजे मधली स्टेशने टाळून पळणारी लोकल, हे सांगावे लागते. याच मार्गावरच्या दुसऱ्या टोकाच्या स्टेशनाने तर चित्रपटाचे वयच कळते. पात्र बोरीबंदर म्हणाले तर चित्रपट बराच जुना. व्ही.टी. म्हणाले तर बहुधा १९९६ पूर्वीचा. सी.एस.टी. म्हणाले तर त्यानंतरचा. २०१७ पासून त्यात 'महाराज' आले.

काही संदर्भ जुने होतच नाहीत, हेही इथेच नोंदवले पाहिजे. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) पाहताना, बिऱ्हाड मिळावे म्हणून दोन तरुणांना बायकांचे सोंग का घ्यावे लागते, हे वर्गातल्या एकानेही विचारले नाही. आमच्यातले निम्मे भाड्याच्या जागेत राहतात.

सर्वांत अवघड जागा ठाण्याची. जुन्या विनोदी चित्रपटांत आणि नाटकांत कुणी विचित्र वागले की दुसरा म्हणतो, याला ठाण्याला पाठवा. प्रेक्षागृह हसते. ठाण्यातच जन्मलेल्या मुलाला कळत नाही की आपल्या गावी जाण्यात हसण्यासारखे काय आहे. संदर्भ आहे १९०१ पासून इथे असलेल्या मनोरुग्णालयाचा. पुण्याकडे याच विनोदात येरवडा येते, हिंदीत आग्रा किंवा रांची. माझ्या आत्याच्या तोंडी रत्नागिरी असते, कारण तिथेही असे रुग्णालय आहे. विनोद तोच, फक्त गाव जवळचे निवडायचे.

मला त्या वाक्यातले क्रियापद महत्त्वाचे वाटते. माणूस ठाण्याला 'जात' नसे, त्याला 'पाठवत'. त्या काळी १९१२ चा कायदा लागू होता आणि त्याच्या इंग्रजी नावातच वेडेपणाचा उल्लेख होता. बहुतेक रुग्ण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत जात आणि कित्येकांना न्यायला पुन्हा कुणी येत नसे. तो कायदा जाऊन १९८७ चा आला, आणि त्याच्या जागी २०१७ चा, ज्यात उपचार हा रुग्णाचा हक्क ठरला. पडद्यावरचे लोक ज्याला हसतात त्यामागे हे सारे होते.

यंदा वर्गात जुने चित्रपट दाखवताना आम्ही प्रेक्षकांसाठी टिपांचा एक कागद काढला. तार, सोने, मटका यांवर वाद झाला नाही. ठाण्याच्या टिपेवर झाला. काहींचे म्हणणे, विनोद समजावला की मरतो. दुसरे म्हणाले, ज्याच्या घरचे कुणी तिथे राहून आले असेल त्याने ती का वाचावी? एका सरांनी ते दृश्यच वगळायला सुचवले. मी टीप छापण्याच्या बाजूने होतो. न कळणारा मुलगाही शेजारचे हसले की हसतो, आणि तो कशाला हसला हे त्याला कुणी तरी सांगायला हवे. शेवटी दृश्य ठेवले आणि टीप पाच ओळींची छापली. त्यात १९०१ आणि २०१७ ही दोन्ही सालं आहेत.