सागरी अभियंत्यांचे सिम्युलेटर-आधारित प्रशिक्षण : उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :
कुंडलिकाकाठचे रोहा-अष्टमी ज्या रायगड जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून आंतरराष्ट्रीय जहाजवाहतुकीशी जोडला गेला. मुंबईत सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण १९४९ पासून दिले जाते; कर्जत येथेही २००९ पासून सागरी प्रशिक्षण संस्था आहे. त्यामुळे येथील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे हा व्यवसाय एक पर्याय म्हणून उभा आहे. त्याच्या प्रशिक्षणातील सिम्युलेटरचे स्थान प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

स्वरूप :
मुख्य इंजिन, जनित्रे, बॉयलर, पंप तसेच वंगण व शीतकरण यंत्रणा यांचे गणिती प्रतिरूप संगणकावर चालवून त्यांचे वर्तन नियंत्रण-फलकावर दाखविणारी व्यवस्था म्हणजे इंजिनकक्ष सिम्युलेटर होय. एखादा व्हॉल्व्ह बंद केल्यास त्याचा परिणाम दाब व तापमान यांच्या आकड्यांत उमटतो. प्रशिक्षक विद्यार्थ्यांना पूर्वसूचना न देता बिघाड निर्माण करतो.

उदाहरणार्थ, टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पिस्टन रिंग झिजल्यास ज्वलनवायू खाली निसटतात आणि स्कॅव्हेंज कप्प्यात साचलेले तेल पेट घेते. अशा वेळी इंजिनची गती कमी करणे, संबंधित सिलिंडरचे इंधन तोडणे व त्याचे वंगण वाढविणे आवश्यक असते. कप्पा घाईने उघडल्यास स्फोटाचा धोका संभवतो. ही चूक प्रत्यक्ष जहाजावर जीवघेणी, तर सिम्युलेटरवर बोधप्रद ठरते.

नियमांची चौकट :
नाविकांच्या प्रशिक्षणाविषयीच्या १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू करारात १९९५ मध्ये सिम्युलेटरविषयक निकष समाविष्ट झाले. मनिला येथे २०१० मध्ये केलेल्या दुरुस्त्या १ जानेवारी २०१२ पासून अमलात आल्या. या करारानुसार रडार सिम्युलेटर अनिवार्य आहे. इंजिनकक्ष सिम्युलेटरवरील प्रशिक्षण हे अभियंत्याच्या सक्षमतेचा एक ग्राह्य पुरावा मानले जाते.

मर्यादा :
२६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोर येथे ‘डाली’ या जहाजाची वीज गेली व ते पुलावर आदळले. सहा कामगार मृत्युमुखी पडले. चालकदलातील बहुसंख्य भारतीय होते. अमेरिकी तपास यंत्रणेने २०२५ मध्ये एका तारेची सैल जोडणी हे वीज जाण्याचे मूळ कारण ठरविले. वीज गेल्यानंतर जनित्रे क्रमाने सुरू करण्याचा सराव सिम्युलेटरवर होऊ शकतो. परंतु फलकामागील सैल तार शोधण्याची सवय प्रत्यक्ष यंत्रावर काम केल्यानेच लागते. इंजिनकक्षातील उष्णता, आवाज, जळक्या तेलाचा वास व जहाजाचे हेलकावे यांचा अनुभवही पडद्यावर पूर्णपणे मिळत नाही.

निष्कर्ष :
सिम्युलेटर हा कार्यशाळेला व समुद्रावरील अनुभवाला पूरक आहे, पर्याय नव्हे. सरावानंतर नोंदी समोर ठेवून ‘कोणता संकेत प्रथम मिळाला, निर्णयास विलंब का झाला’ अशी चर्चा प्रशिक्षकाने घडवून आणल्यासच शिक्षण पूर्ण होते. ही चर्चा टाळल्यास महागडे यंत्र केवळ संगणकीय खेळ ठरेल. विज्ञानाच्या प्रत्येक प्रयोगशाळेस हाच निकष लागू पडतो.