भाजी कापायचं मशीन घेताय? ‘ताशी किती किलो’ हे शेवटी विचारा

मेस, पोळी-भाजी केंद्र किंवा केटरिंग सुरू करायचं ठरलं की बरेच जण आधी मशीन बघायला निघतात. दुकानदार सांगतो, "साहेब, तासाला १५० किलो!" ऐकायला भारी वाटतं. पण तुम्हाला रोज कांदा लागणार २० किलो, मग बाकीच्या ताकदीचे पैसे कशाला मोजायचे?

आधी एक वही करा. आठ दिवस लिहा: कोणती भाजी, किती किलो, कसा काप, किती वेळ. सोलण्या-धुण्याचा वेळ वेगळा लिहा. स्लायसर तो वाचवत नाही.

आता हिशोब. समजा मशीन ३०,००० रुपयांचं आहे आणि मदतनिसाचा तास ६० रुपयांना पडतो. रोज दोन तास वाचले तर १२० रुपये, म्हणजे २५० दिवसांत पैसे वसूल. पण रोज अर्धाच तास वाचला तर? १,००० दिवस! अशा वेळी हाताने चालणारा कटर घ्या आणि उरलेलं भांडवल मालात फिरू द्या. आणि वाचलेल्या वेळात त्या माणसाला दुसरं काम हवं, नाहीतर ही बचत फक्त कागदावर राहते.

काप बघा. डिस्कच्या मशीनवर चकत्या होतात, डिस्क बदलली की कीस होतो. चौकोनी तुकड्यांना सोबत जाळीची पाती लागते, ती सगळ्याच मशीनला बसत नाही. मेथी-कोथिंबीर रोज भरपूर लागत असेल तर पट्ट्यावरून भाजी पुढे सरकवणारं मशीन बघा.

लाईट बघा. एक एचपीची मोटर पूर्ण लोडवर तासाला साधारण पाऊण ते एक युनिट घेते, त्यामुळे बिलाची फार चिंता नको. पण गाळ्यात सिंगल फेज असताना थ्री फेजची मोटर आणली, तर मशीन नुसतं उभं राहील. अर्थिंगही तपासून घ्या.

डेमो स्वतःच्या मालावर घ्या. पाच किलो कांदा घेऊन जा. घड्याळ लावा: कांदा तोंडात बसेल एवढा कापणं, मशीनमध्ये घालणं, शेवटी डिस्क काढून धुणं, सगळं मोजा. काप चेंगरतोय, खाली पाणी साचतंय? मग पातीला धार नाही. झाकण उघडल्यावर मोटर बंद होते का? भाजी ढकलायला दट्ट्या आहे का? तिथे बोट कधीच घालायचं नाही. धुताना प्लग काढायचा आणि मोटरवर पाणी मारायचं नाही.

शेवटचा प्रश्न: पाती तुमच्या गावात मिळते का, धार कोण लावून देतं? सणाच्या ऑर्डरच्या दिवशी मशीन बंद पडलं तर वॉरंटीचा कागद कांदा चिरून देत नाही.

वही भरली की दुकानात जा. मग किती किलोचं मशीन हवं ते दुकानदार नाही, तुम्ही सांगाल.