लेसर अंतरमापक
लेसर अंतरमापक : लेसर प्रकाशाचा अत्यल्पकालीन स्पंद दूरच्या वस्तूवर सोडून, तो परावर्तित होऊन येण्यास लागलेल्या कालावधीवरून त्या वस्तूचे अंतर काढणारे उपकरण. प्रकाशाचा वेग सेकंदास सु. ३ लक्ष किमी. असल्याने कालावधीला या वेगाने गुणून निम्मे केले की अंतर मिळते. तत्त्व इतके सोपे असले, तरी मोजावयाचा काळ फार थोडा असतो व उपकरणाच्या रचनेतील बहुतेक अडचणी त्यातूनच उद्‌भवतात.

उदा., लातूर जिल्ह्यातील अहमदपूरच्या परिसरात बालाघाटच्या पठारावर एकमेकांपासून १,५०० मी. दूर असलेल्या दोन टेकड्या घेतल्यास प्रकाशाला जाऊन येण्यास अवघे १० मायक्रोसेकंद (सेकंदाचा एक लक्षांश भाग) लागतात. १९५६ पर्यंत हा तालुका बीदर जिल्ह्यात होता आणि बीदरजवळ विल्यम लॅम्बटन यांनी १८१५ मध्ये भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची एक तळरेषा मोजली होती. त्या पद्धतीत पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ताणून पुनःपुन्हा मांडावी लागे व उन्हाने ती किती प्रसरण पावते, याचा हिशोब ठेवावा लागे. १८४१ मध्ये अँड्रू वॉ यांनी हीच तळरेषा पितळ व लोखंड यांच्या जोडगजांनी पुन्हा मोजली. दोन धातूंच्या असमान प्रसरणामुळे गजावरील खुणांमधील अंतर तापमान बदलले तरी कायम राही. प्रकाशाने साखळीची जागा घेतली, पण तापमानाचा प्रश्न सुटला नाही. तो हवेकडे गेला.

अंतरमापकाच्या साध्या जुळणीत स्पंद देणारा अर्धसंवाहक लेसर, शलाका समांतर करणारे भिंग, परतलेला प्रकाश गोळा करणारे मोठे भिंग, प्रकाशाचे विद्युत् संकेतात रूपांतर करणारा अभिज्ञातक, वर्धक, कालमापक मंडल आणि या सर्वांवर हुकमत ठेवणारा सूक्ष्मनियंत्रक (मायक्रोकंट्रोलर) हे घटक असतात. लेसर बहुधा सु. ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो.

सूक्ष्मनियंत्रक हाच काळ मोजतो, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो चुकीचा आहे. सेकंदाला १ कोटी ६० लक्ष ठोके देणाऱ्या सूक्ष्मनियंत्रकाच्या घड्याळाचा एक ठोका ६२·५ नॅनोसेकंदांचा असतो व तेवढ्या वेळात अंतरात ९ मी. हून अधिक फरक पडतो. वरील १,५०० मी. अंतरासाठी असे केवळ १६० ठोके मोजले जातील. १५ सेंमी. पर्यंतच्या अचूकतेसाठी १ नॅनोसेकंदाचा भेद ओळखता आला पाहिजे. म्हणून काळ-अंक परिवर्तक नावाचे स्वतंत्र मंडल वापरतात. ते सेकंदाच्या अब्जांश भागाचेही लहान भाग मोजू शकते. सूक्ष्मनियंत्रकाने स्पंद सोडण्याची आज्ञा द्यावी, परिवर्तकाचे आकडे वाचावेत, त्यांची सरासरी काढावी व उत्तर दाखवावे, एवढेच त्याचे काम. १०० स्पंदांची सरासरी घेतल्यास यादृच्छिक त्रुटी दशांशावर येते. पद्धतशीर त्रुटी मात्र कितीही वेळा मोजले, तरी तशीच राहते.

अशा त्रुटींपैकी एक विशेष फसवी आहे. परतलेला संकेत ठराविक पातळी ओलांडतो, त्या क्षणी मोजणी थांबते. पांढऱ्या भिंतीवरून आलेला जोरकस स्पंद ही पातळी लवकर ओलांडतो, तर काळ्या मातीच्या ढेकळांवरून आलेला क्षीण स्पंद उशिरा. त्यामुळे एकाच अंतरावरील दोन वस्तूंपैकी माती दूर असल्याचे भासते. यावर उपाय म्हणून स्पंदाच्या शिखराच्या ठराविक अंशावर मोजणी थांबविणारे मंडल योजतात. तारा व मंडले यांतील विलंब वजा करण्यासाठी फितीने मोजलेल्या ज्ञात अंतरावर उपकरण आधी पडताळून घ्यावे लागते.

शलाकेचा ठिपका वस्तूहून लहान असला, तरी परतणारी शक्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दुप्पट अंतरावरून चौथा हिस्साच प्रकाश येतो आणि त्यात दुपारच्या उन्हाची भर पडते. म्हणून अभिज्ञातकापुढे लेसरच्या तरंगलांबीपुरताच प्रकाश आत सोडणारी गाळणी बसवितात. वस्तूवर कोनी परावर्तक प्रचिन बसविल्यास प्रकाश आलेल्या दिशेनेच परत जातो व पल्ला कित्येक पटींनी वाढतो.

हवेत प्रकाश निर्वातापेक्षा किंचित मंद चालतो. ही बाब दुर्लक्षिल्यास १,५०० मी. ला सु. ३५ ते ४० सेंमी. चूक होते. हिवाळ्यातील १५° से. व उन्हाळ्यातील ४०° से. यांतील फरकाने उत्तर सु. साडेतीन सेंमी.ने बदलते. सर्वेक्षणाच्या उपकरणात त्यामुळे तापमान व दाब नोंदवावे लागतात; पिकाची उंची किंवा विहिरीतील पाण्याची पातळी पाहणाऱ्यास त्याची गरज नसते.

अदृश्य शलाका डोळ्यांना धोकादायक असते. प्रखर दृश्य प्रकाशाने पापण्या आपोआप मिटतात, तसा बचाव येथे होत नाही आणि डोळ्याचे भिंग ती शलाका दृष्टिपटलावर एकवटते. जुळणी करताना स्पंदाची ऊर्जा सुरक्षित मर्यादेतच ठेवावी लागते. पल्ला वाढविण्यासाठी शक्ती वाढविण्यापेक्षा ग्राही भिंग मोठे घेणे इष्ट असते.

लेसरने लांबी मोजण्याचे सूक्ष्मतम रूप व्यतिकरणमापकात आढळते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या भुजा प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या आहेत. तेथे अंतर नव्हे, तर त्यातील प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान बदल मोजावयाचा असतो व त्यासाठी प्रकाश निर्वात नळ्यांतून पाठविला जातो.