स्नेह ताटातला, मेद अंगातला

आजचा प्रश्न साधा आहे. वजन उतरवायचं तर ताटातलं तेल-तूप पुसूनच टाकायचं का? तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्यांनी यावर का बोलावं, असं कुणी विचारेल. पण या प्रश्नाच्या मुळाशी शब्दांचा घोटाळा आहे, आणि असे घोटाळे सोडवणं हेच आमचं काम होतं.

ताटातला स्निग्ध पदार्थ आणि पोटावरची चरबी, दोन्हींना आपण हल्ली ‘फॅट’ म्हणतो. नाव एक, म्हणून वस्तूही एक, असं मन धरून बसतं. पण अंगावर मेद चढतो तो खर्चापेक्षा जास्त खाल्ल्यामुळे. मग ते जास्तीचं तूप असो, भात असो की साखर.

म्हणजे तेल निर्दोष आहे का? तसंही नाही. एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात. पिष्टमय पदार्थांत आणि प्रथिनांत ४. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे २७० किलोकॅलरी झाल्या. दूध, शेंगदाणे, मासळी यांतली स्निग्धता आणखी वेगळी.

इथे न्हावा शेव्यात हे विशेष जाणवतं. १९८९ साली बंदर सुरू झालं. त्याआधी भातशेती, मिठागरं आणि मासेमारी यांत दिवसभर अंग झिजायचं. आता कुणी क्रेनच्या केबिनमध्ये, कुणी ट्रेलरवर, कुणी संगणकासमोर बसून पाळी भरतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतं, त्यातलं काही याच बंदरात उतरतं. कष्ट घटले, कढई मात्र तीच राहिली.

म्हणून तेल शून्यावर आणायचं? आम्ही एकदा तो प्रयोग केला. तेल-तूप जवळजवळ बंद. अकरा वाजले की भूक लागायची, हात बिस्किटांच्या डब्यात जायचा. वजन जागचं हललं नाही. स्निग्धता असली की जठर सावकाश रिकामं होतं, तृप्ती टिकते. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धतेबरोबरच नीट शोषली जातात. भराभर वजन उतरवताना आहारात स्निग्धता अगदीच नसली, तर पित्ताशय पुरेसं रिकामं होत नाही आणि पित्तखड्यांचा धोका वाढतो.

२०१८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांवरचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध केला. कमी स्निग्ध खाणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलोने उतरलं, कमी पिष्टमय खाणाऱ्यांचं ६ किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दोन्ही गटांना भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा टाळा, असंच सांगितलं होतं. मर्म तिथे आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, एकूण उष्मांकांपैकी स्निग्धाचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत ठेवा. १,८०० किलोकॅलरींच्या आहारात तो ६० ग्रॅम होतो, वरचं आणि लपलेलं सगळं धरून. तेव्हा बाटलीतून थेट ओतू नका, चमच्याने मोजा. बांगडा, तारली तळण्याऐवजी कालवणात घाला. त्यांच्यातलं तेल हितकर असतं. वडा-फरसाण सणासुदीला. हृदयविकार किंवा मधुमेह असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदल करा.

कर्ज काढून तूप पिण्याचा सल्ला चार्वाकाच्या नावावर सांगतात. आम्ही इतकंच म्हणू, तूप खा, पण शरीराच्या नावावर उधारी वाढवू नका. आता तुमचे प्रश्न घेऊ.