शेजारच्या खोलीतले उत्तर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेतले एक निर्वात पात्र काही केल्या पुरेसे रिकामे होईना. पंप नवा होता, त्याचे तेल बदलले होते, सगळे सांधे पुन्हा आवळून झाले होते. तरी दाबमापकाचा आकडा एका जागी येऊन अडून बसे. तीन आठवडे असे गेले. मग एक दिवस चहाच्या रांगेत वरच्या मजल्यावरच्या तंत्रज्ञांशी सहज बोलणे निघाले. ते म्हणाले, "नव्या खोक्यातल्या रबरी कड्या बसवल्यात का? त्या सगळ्या बाद आहेत. आम्हाला दोन महिन्यांपूर्वीच कळलं." कड्या बदलल्या आणि आकडा खाली उतरला.

उत्तर आमच्यापासून एका जिन्याच्या अंतरावर होते. आम्ही चौकशीत कसूर केली होती असेही नाही. पण ज्यांना आम्ही ओळखत होतो त्यांनाच विचारले होते. कोणाला विचारावे हेच ठाऊक नसेल, तर विचारणार तरी कसे?

कामाच्या ठिकाणी चालणारी अंतर्गत संवादजाळी मुळात या प्रश्नासाठी आहेत. आता थोडे गणित करू. एका शाळेत १२ शिक्षक असतील तर त्यांच्या जोड्या होतात १२ गुणिले ११ भागिले २, म्हणजे ६६. प्रत्येकाचे प्रत्येकाशी बोलणे होऊ शकते, आणि मधल्या सुटीत ते होतेही. माणसे १०० झाली की जोड्या ४,९५० होतात. २,००० माणसांच्या कारखान्यात १९,९९,०००. माणसे वीसपट झाली तर जोड्या सुमारे चारशेपट. एवढ्या जोड्या चहाच्या रांगेत जुळणे शक्य नाही.

त्यात भर अंतराची. अमेरिकेतील एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी संशोधन संस्थांतील अभियंते एकमेकांशी किती वेळा कामाचे बोलतात हे मोजले आणि १९७७ साली पुस्तकरूपाने मांडले. टेबलांमधले अंतर वाढते तसे बोलणे झपाट्याने घटते, आणि काही दशक मीटरांपलीकडे ते इतके कमी होते, की माणूस पलीकडच्या दालनात आहे की पलीकडच्या इमारतीत, याने फारसा फरक पडत नाही. वरचा मजला आम्हाला दुसऱ्या गावासारखा वाटला, तो यामुळेच.

मग ई-मेल का पुरत नाही? कारण पत्राला पत्ता लागतो. भारतात ही सोय आधी संशोधकांनाच मिळाली. १९८६ साली केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीने 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू झाला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास साध्या टेलिफोन लाइनवरून संगणकी पत्रे जाऊ लागली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. पण पत्र लिहायचे ते ओळखीच्यालाच, आणि आलेले उत्तर एकाच्याच पेटीत पडून राहणार.

वर्ल्ड वाइड वेबचा जन्मही अशाच एका कार्यालयीन अडचणीतून झाला, हे फारसे सांगितले जात नाही. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत माणसे दोनेक वर्षे राहतात आणि परततात. कोणते यंत्र कोणी का तसे बसवले, ही माहिती त्यांच्याबरोबर निघून जाते. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वरिष्ठांना दिलेला प्रस्ताव ही गळती कशी थांबवावी याबद्दल होता. जगभराचे जाळे पुढे झाले. आधी ते एका संस्थेचे घरगुती जाळे होते.

आम्हाला सर्वांत आवडते उदाहरण मात्र झेरॉक्स कंपनीचे आहे. ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात या कंपनीच्या दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून निरीक्षणे केली. कंपनीला वाटे, ही माणसे छापील पुस्तक पाहून यंत्र दुरुस्त करतात. प्रत्यक्षात अवघड दोष ते नाश्त्याच्या टेबलावर, एकमेकांना किस्से सांगत सोडवत. मग १९९० च्या दशकात कंपनीच्या संशोधकांनी 'युरेका' नावाची सोय तयार केली. तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. कोणत्याही तंत्रज्ञाने नवी क्लृप्ती पाठवावी, अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासावी आणि मग सर्वांना खुली करावी. सुचवणाऱ्याला बक्षिसाची रक्कम द्यावी का, असा प्रश्न निघाला. तंत्रज्ञांना पैसे नको होते. क्लृप्तीखाली नाव छापलेले हवे होते.

पुढे यॅमर (२००८), स्लॅक (२०१३) अशी तयार साधने आली. त्यांची घडण साधारण सारखीच आहे: विषयवार दालने, प्रश्नाखाली उत्तरांचा धागा, आणि मागचे सारे शोधता येण्याची सोय. यातली तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावर कोणी 'रबरी कड्या बाद' एवढे लिहून ठेवले असते, तर आमचे तीन आठवडे वाचते.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवले, की नव्या नोकरीची खबर बहुधा जिवलग मित्राकडून नव्हे, तर जुजबी ओळखीच्या माणसाकडून येते. कारण सोपे आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते आपल्यालाही बहुतेक ठाऊकच असते.

आता आपल्या शहराकडे येऊ. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि आसपास सुटे भाग बनवणारे लहानमोठे उद्योग वाढत गेले. त्या सुमारास विशी-पंचविशीत कामाला लागलेली पिढी आता निवृत्त झाली आहे किंवा होत आहे. लेथच्या आवाजावरून हत्यार बोथट झाल्याचे ओळखणाऱ्या माणसाचे ज्ञान कोणत्याही नोंदवहीत नसते. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ दिले जाते, आणि ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते.

शिक्षक मित्र म्हणतील, आमच्याकडे व्हॉट्सॲपचे गट आहेतच की! आहेत, पण बहुतेक गटांत परिपत्रक वरून येते आणि खालून अंगठे जातात. ती सूचनाफलकाचीच सुधारित आवृत्ती झाली. शिवाय हिशेब पाहा. ५० जणांच्या गटात प्रत्येकाने दिवसाला चार शुभेच्छा पाठवल्या तर संदेश झाले २००. एकेकावर पाच सेकंद धरले, तरी प्रत्येकाची सुमारे १७ मिनिटे जातात आणि सर्वांचे मिळून रोज जवळजवळ १४ तास! या ढिगात "अपूर्णांकांचा भागाकार मुलांना कसा समजवावा?" हा एक प्रश्न कोणाला सापडणार?

त्याहून मोठी अडचण तंत्राची नाही. ज्या गटात मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख आहेत, तिथे "मला हे येत नाही" असे कोण लिहील? हार्वर्डच्या ॲमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला (१९९६). चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. नोंदी मात्र त्यांच्याच जास्त निघाल्या. त्या गटांत चुका लपवल्या जात नव्हत्या, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या मते प्रश्नांचा गट आदेशांच्या गटापासून वेगळाच हवा, आणि त्यातला पहिला भाबडा प्रश्न वरिष्ठांनी विचारावा. संस्थेच्या जाळ्यावरचे लेखन संस्था पाहू शकते, हेही सर्वांना आधीच सांगावे. मुलांची छायाचित्रे आणि खासगी माहिती तर तिथे नकोच.

नववी-दहावीच्या मुलांकडून एक प्रयोग करून घेता येईल. वर्गातल्या प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावे, "गणित अडले तर मी कोणाला विचारतो?" नावांचे ठिपके काढून विचारणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडे बाण काढावेत. कोणाकडे किती बाण येतात आणि कोणता ठिपका एकटा पडतो, ते मोजावे. चिठ्ठ्या मात्र शिक्षकांनी स्वतःकडेच ठेवाव्यात आणि फळ्यावर नावांऐवजी आकडे घालावेत, म्हणजे एकट्या पडलेल्या मुलाची चर्चा होणार नाही.

हाच नकाशा आम्ही आमच्या विभागात काढला. सर्वांत जास्त बाण आले ते भांडारातल्या परिचरांकडे. कोणते सामान कधी आले, कोणते बिघडले, कोणी परत केले, हे सारे त्यांना तोंडपाठ. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता आणि विभागाच्या गटात त्यांचे नावच नव्हते. आता आहे. टंकलेखन त्यांना जमत नाही. ते आवाजी संदेश पाठवतात, आणि आमच्यातले कोणीतरी तो दोन ओळींत लिहून ठेवतो.