लाल पुस्तकातले रिकामे रकाने

लंडनमध्ये कौटुंबिक खटल्यांच्या फाइली लावताना मी सगळ्यात आधी मुलाचं 'रेड बुक' उघडते. इंग्लंडमध्ये बाळ जन्मलं की आईबापांना हे लाल पुस्तक मिळतं. त्यात वजन, उंची, लशींच्या तारखा. पहिल्या डोसांपुढे नर्सच्या सह्या असतात आणि एमएमआर म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीपुढचा रकाना कोरा. घर कधी दुभंगलं, ते अनेकदा तिथेच कळतं.

इथे लस सक्तीची नाही. पण आईवडिलांचं जमत नसेल, तर एकाने परस्पर मुलाला टोचून आणायचं नाही, कोर्टात जायचं. १९८९ च्या बालक कायद्याच्या कलम ८ खाली सी-१०० अर्ज करायचा. त्याआधी बहुतेकांना मध्यस्थाला भेटावं लागतं. पुढे कॅफकॅसचा, म्हणजे मुलांच्या हिताबाबत कोर्टाला सल्ला देणाऱ्या संस्थेचा, अधिकारी दोघांशी बोलतो आणि कोर्टाने सांगितलं तर मुलाशीही.

मुलाचं ऐकून घेणं हा यातला सर्वांत अवघड भाग. २०१३ साली न्यायमूर्ती थीस यांच्यापुढे १५ आणि ११ वर्षांच्या दोन बहिणींचा खटला आला. ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांच्या १९९८ च्या लेखाने एमएमआरचं नातं ऑटिझमशी जोडलं, तेव्हा मुलींचे आईवडील दोघेही धास्तावले होते. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला. वडिलांना आता लस हवी होती. आई आणि मुली नको म्हणत होत्या. थोरली व्हीगन, तिला लशीतल्या घटकांची काळजी. न्यायमूर्तींनी ते ऐकलं, पण मुलींचं मत एकांगी माहितीवर आणि आईच्या प्रभावाखाली बनलंय असं मानून दोघींना लस देण्याचा आदेश दिला. निकाल मला पटतो. तरी त्या थोरलीने बाही वर सरकवली असेल तो क्षण मनातून जात नाही.

२०२० मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायमूर्ती मॅकडॉनल्ड यांनी आणखी स्पष्ट लिहिलं: विज्ञानात विश्वासार्ह असं नवं काही निघालं किंवा त्याच मुलाला वैद्यकीय अडचण असली तर गोष्ट वेगळी, एरवी एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, नेहमीची लस मुलाच्या हिताची नाही असं कोर्ट म्हणेल, हे कल्पनेत आणणंही कठीण.

वेगळं राहणाऱ्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं: अर्ज भरण्याआधी ते लाल पुस्तक घेऊन एकदा दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. मुलाला त्या वेळी घरीच ठेवा.